कापसावर घातलेला आळ

आमच्या गावात चांगला दीर कसा असतो हे सांगायचं झालं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. सोयरीक जुळताना मुलीकडची मंडळी विचारतात, मुलाला धाकटा भाऊ आहे का, आणि आहे म्हटलं की कोणीतरी ओसरीवरून बोलतंच, "सरांसारखा असला म्हणजे झालं." बारा वर्षं हे ऐकलं. दर वेळी मान खाली घालून थोडंसं हसलो, आणि लोकांना तो माझा विनय वाटला. त्यामागे खरं काय होतं ते आज लिहून काढतो आहे. ते सांगायची मला शिक्षाच झाली आहे, आणि ती करणारीनं हसता हसता केली आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दारव्ह्यापासून काळीपिवळी जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. घरी थोरला भाऊ शेती पाहतो. त्याला मी दादा म्हणतो. वहिनी घरात आली तेव्हा मी अकरावीत होतो. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. वहिनीनं पहिल्या आठवड्यातच मला सांगितलं होतं, "भाऊजी, मले लाजायचं काम नाही. भूक लागली त सांगायचं, डोकं दुखलं त सांगायचं." भुकेचं मी सांगू शकलो. डोक्याचं सांगायची गरज पडायची नाही, ते दिसायचंच.

मला अर्धशिशी आहे. आधी डाव्या डोळ्यापुढे चकाकणाऱ्या नागमोडी रेघा येतात, मग अर्ध्या तासात अर्धं डोकं ठणकायला लागतं, उजेड नको होतो, फोडणीचा वास नको होतो, शेवटी ओकारी होते. गावानं माझ्यावर सगळे उपाय करून पाहिले. सुंठेचा लेप झाला, नाकात तूप झालं. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली की अर्धशिशी पळते, असं आमच्याकडे पक्कं मानतात, आणि वहिनीनं हा उपाय फारच मनावर घेतला. बाजाराच्या दिवशी दादा दारव्ह्याहून जिलेबी आणायचा, पहाटे वहिनी दूध तापवायची आणि चुलीच्या उजेडात आम्ही तिघं खायला बसायचो. अर्धशिशी मला एकट्याला, जिलेबी तिघांना. महिनाभर चाललं. डोकं काही थांबलं नाही, पण दादाचं वजन वाढलं. वहिनी म्हणाली, "उपाय बेस आहे, पण तो दुसऱ्यालेच लागू पडून राह्यला."

शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्यानं यवतमाळच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. मॅडमनी मला अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. महिन्यातून किती दिवस दुखतं, दुखायच्या आधी काय दिसतं, झोप किती, चहा किती. मग विचारलं, "दमा आहे? लहानपणी छाती वाजायची? घरघर व्हायची?" मला नवल वाटलं. दुखतं डोकं आणि ह्या छातीकडे कुठे निघाल्या? मी नाही म्हटलं. मग त्यांनी रक्तदाब पाहिला, नाडी मोजली आणि दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिल्या.

एक रोज घ्यायची, दुखो न दुखो. ती दुखणं थांबवत नाही, दुखणं यायचं प्रमाण कमी करते. ती मनानं एकदम बंद करायची नाही. दुसरी दुखायला लागलं की लगेच घ्यायची, ओकारी येईपर्यंत वाट पाहायची नाही. पण आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. वर गेलं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा म्हणाल्या, दुखलं त्या दिवशी ठिपका, दुसरी गोळी घेतली त्या दिवशी फुली. गोळ्यांची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडची माणसं नाव वाचून दुकानात मागतील. एवढंच सांगतो, रोजची जी होती ती काही लोकांना रक्तदाबासाठी आणि छातीच्या धडधडीसाठीही देतात.

मी दाराशी पोचलो तेव्हा मॅडम मागून म्हणाल्या, "आणि सर, ह्या गोळ्या तुमच्या आहेत. घरातल्या कोणाला द्यायच्या नाहीत."

"हो मॅडम," मी म्हटलं. वर्गातली पोरं मला म्हणतात तसंच.

तीन महिन्यांत कॅलेंडर पांढरं व्हायला लागलं. आधी महिन्यात आठ-नऊ ठिपके, मग पाच, मग दोन. त्या दिवसांतला आनंद मी कोणाला नीट सांगू शकलो नाही. भर दुपारी मैदानावर उभं राहून मी पोरांची कवायत घेऊ लागलो. फोडणीचा वास आला तर घरात पळायच्या ऐवजी स्वयंपाकघरात जाऊन काय शिजतंय ते विचारू लागलो. वहिनी गावभर सांगत सुटली, "आमच्या भाऊजींपाशी जादूची गोळी आहे."

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. आमच्याकडे गोळी विरजणासारखी फिरते. एकाकडे तापाची उरली, दुसऱ्याकडे पोटदुखीची उरली, की वाटीतून विरजण न्यावं तशी कागदाच्या पुडीत ती शेजारी जाते. परत करायची नसते, पण आपल्याकडे उरली की द्यायची असते. कोणी नाही म्हणत नाही. एकट्यानंच बरं व्हायचं, हा आमच्याकडे अप्पलपोटेपणा समजला जातो.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी कापसाचा भाव पडला होता. त्याच्या आधीच्या वर्षीही पडला होता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून गावात घरोघर कापूस साठवलेला. आमचं माजघर आढ्यापर्यंत भरलं होतं. देवाच्या कोनाड्यापुरती जागा सोडून सगळीकडे पांढरं. दादा रोज फोनवर भाव विचारायचा आणि रोज म्हणायचा, "थांबू अजून." बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, घरात सुतक होतं. तसं मुळीच नव्हतं. मांजरीनं त्या गंजीत पिल्लं घातली होती. आल्या-गेल्याला बसायला कापूसच. वहिनी तर दुपारी भांडी आटोपली की गंजीवर चढून अंग टाकायची. "राजाच्या घरीही एवढी मोठी गादी नसन," म्हणायची. तिला कापूस आवडायचा, आणि वेचणीत तिच्या बरोबरीची बाई गावात नव्हती. दोन्ही हातांनी दोन ओळी वेचत जायची, कंबरेची ओटी भरभर फुगायची, आणि सगळा वेळ तोंडानं गाणं किंवा कोणाची तरी थट्टा चालू.

शेवटच्या वेचणीला ऊन कडक झालं. एका संध्याकाळी ती डोक्याला फडकं बांधून माझ्या खोलीच्या दारात आली.

"भाऊजी, तुमची ते जादूची गोळी द्या ना मले. कपाळ फुटून राह्यलं उन्हानं."

मी कपाट उघडलं. इथून पुढचं मी कोणाला बोललो नव्हतो.

कपाटात दोन्ही गोळ्या होत्या. दुखलं की घ्यायच्या त्या चारच उरल्या होत्या आणि यवतमाळला जायला अजून वेळ होता. रोजच्या दोन पाकिटं भरून होत्या. माझा हात आधी त्या चार गोळ्यांकडे गेला. मग थांबला. ह्या दिल्या आणि उद्या माझंच डोकं उठलं तर? मी हात बाजूला घेतला आणि रोजच्या गोळ्यांतल्या चार कापून तिला दिल्या. ती दुखणं थांबवणारी गोळी नाही हे मला माहीत होतं. तरी वर मास्तरकी केली: "एक आता घे, एक सकाळी, एक संध्याकाळी." मॅडमनी मला अर्धा तास प्रश्न विचारले होते. मी वहिनीला एकही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी घरीच होतो. रात्री आणि सकाळी दोन गोळ्या घेऊनही डोकं उतरलं नाही म्हणून तिनं संध्याकाळची वाट न पाहता दुपारी जेवल्यावर तिसरी घेतली आणि गंजीवर जाऊन पडली. तासाभरानं चौकट धरून बाहेर आली. खांदे वरखाली होत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, बोलायला जावं तर शब्दाच्या आधी दम संपत होता. दादानं तिला उचललं. मी रस्त्यावर धावलो. काळीपिवळी भरलेली होती, पण आतल्या सहा-सात जणांनी वहिनीकडे पाहिलं आणि न सांगता उतरून जागा केली.

दारव्ह्याच्या दवाखान्यात तिला तोंडावर मास्क लावून औषधाची वाफ दिली. तिथल्या डॉक्टरांनी दादाला विचारलं, "काय करत होत्या?"

"कापसावर झोपली होती जी."

डॉक्टरांनी तिच्या केसांतला कापूस पाहिला. "काही गोळी-औषध घेतलं होतं?"

"नाही जी. तिले काही बिमारीच नाही."

मी दादाच्या शेजारी, हातभर अंतरावर उभा होतो. माझ्या जिभेवर शब्द आला होता. दादानं घामानं भिजलेल्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि मी गप्प राहिलो.

"कापसाच्या धुळीचा त्रास दिसतो," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तिला आराम पडला. मास्क काढल्याबरोबर पहिलं वाक्य बोलली ते, "मले हत्तीची सोंड लावली होती काय हो?" दादा रडत रडत हसला. मी पण हसलो. घरी आल्यावर मात्र मी आधी तिच्या कोनाड्यात पाहिलं. चारांतली एक गोळी उरली होती. ती उचलून मी खिशात टाकली. मला काहीच संशय नव्हता म्हणावं, तर मग ती उचलली कशाला?

खात्री महिन्याभरानं झाली. मी माझ्या गोळ्यांसाठी यवतमाळला गेलो. मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "दम वगैरे लागत नाही ना?" मी विचारलं, हे प्रत्येक वेळी का विचारता? त्यांनी सहज सांगितलं की ज्याला दमा आहे किंवा होता, त्याला ही गोळी दिली तर श्वासाच्या नळ्या आवळतात. एखाद्याच्या जिवावरही बेतू शकतं. मी मान डोलावली, पैसे दिले, आणि बसस्थानकावर येऊन बसलो. दारव्ह्याच्या तीन गाड्या समोरून गेल्या. आणखी एक गोष्ट मला तिथे आठवली. वहिनीच्या माहेरी एकदा तिची आई म्हणाली होती, लहानपणी थंडीत हिची छाती अशी वाजायची की आम्ही रात्ररात्र बसून काढायचो.

घरी गेल्यावर सांगायचं असं ठरवून मी चौथ्या गाडीत चढलो. घरी पोचलो तर दादा माजघरातला कापूस बाहेर काढत होता. "आता हिच्याजवळ हा नोको," म्हणाला. कुठे ठेवायचा असा प्रश्न होता. मी म्हणालो, "माझ्या खोलीत भरा."

दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यानंतर सांगणं मला जमलं नाही.

अशी माझी कीर्ती सुरू झाली. दर वर्षी कापूस माझ्या खोलीत. उन्हाळा लागला की साठवलेल्या कापसातून बारीक कीड निघते आणि अंगाला खाज सुटते. मी फळ्यावर एका हातानं लिहायचो आणि दुसऱ्या हातानं मान खाजवायचो. पाच वर्षांनी माझं लग्न झालं, तेव्हा बायकोला वाटलं सजवलेली खोली असेल. दार उघडलं तर अर्ध्या खोलीत कापूस आणि उरलेल्या अर्ध्यात पलंग. तिला शेजारणीनं समजावलं, "तुह्या नवऱ्यानं वहिनीसाठी केलं हे सारं. असा माणूस भेटत नाही." बायको बिचारी अभिमानानं खाजवत राहिली.

त्या वर्षांत तसेही सगळे कापसालाच बोल लावत होते. भावाच्या सभा व्हायच्या, त्यात कापसाचं नाव, वर्तमानपत्रात कापसाचं नाव. त्यात मी आणखी एक आळ घातला. कापूस काय बोलणार?

बोलली असती ती वहिनी, आणि तिला तर काहीच ठाऊक नव्हतं. तिला शेतात ओळीत शिरायची बंदी झाली. वेचणीच्या दिवसांत ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नाकातोंडाला पदर गुंडाळून, डबे राखत बसायची आणि तिथून बायांवर ओरडायची, "अगे, ते बोंड मागं राह्यलं, डोळे घरी ठेवून आली काय?" मला म्हणायची, "मले धुऱ्यावरचा म्हसोबा करून ठेवलं तुमी लोकांनी. आता शेंदूर लावा फक्त." सगळे हसायचे. ती हसत असतानाही तिची बोटं पदराशी खेळत असायची, वेचल्यासारखी. ते मला दिसायचं. थंडीत तिला थोडा दम लागायचा, तेव्हा दादा म्हणायचा, कुठून तरी कापूस उडून आला असेल. दम्यावर इलाज झाला नाही, कारण सगळ्यांच्या मते तिला दमा नव्हताच, कापूस होता.

एक बदल मात्र मी माझ्यात केला. गोळी कोणाला द्यायची नाही. लोक म्हणू लागले, सर अंगावरचा सदरा देतील, पण गोळी देणार नाहीत. माझ्या चांगुलपणातली ती एवढी एक खोट गावानं माफ केली.

मागच्या दिवाळीनंतर वहिनीचं डोकं दुखायला लागलं. ह्या वेळी ऊन नव्हतं. अर्धंच डोकं, उजेड नको, ओकारी. मी ओळखलं. तिला यवतमाळला मॅडमकडे घेऊन गेलो. बाहेर नंबर लागायची वाट पाहताना तिनं माझ्या कानाशी येऊन आपला बेत सांगितला.

"मी साऱ्याले नाहीच म्हणणार आहे."

"कशाला नाही?"

"जे विचारतीन त्याले. जास्त सांगतलं का जास्त लिहून देतेत. आपल्याले घरी जायचं आहे, वेचणी चालू आहे."

मी म्हटलं, "वहिनी, खरं ते सांगत जा." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला माझीच लाज वाटली.

आत गेलो. मॅडमचे केस आता पांढरे झाले होते, प्रश्न तेच होते. डोकं कसं दुखतं ते वहिनीनं हातवारे करून छान सांगितलं. मग तिचा बेत सुरू झाला.

"साखर?" "नाही जी."

"दमा?" "नाही जी."

"लहानपणी छाती वाजायची?" "नाही जी."

"कुठल्या गोळीचा कधी त्रास झाला?"

"गोळी मी खातच नाही जी. गोळ्या भाऊजी खातेत."

मॅडम हसल्या. छाती तपासली, नाडी मोजली, रक्तदाब पाहिला. "सरांना जी लागू पडली तीच देऊन बघू," म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

बारा वर्षांत मी ह्या क्षणाचा विचार केला नव्हता असं नाही. पण मी नेहमी समजत होतो की सांगायचं की नाही हे माझ्या हातात आहे, आज नाही तर पुढच्या वर्षी. आता पेन कागदावर टेकलं होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "ह्यांना एकदा दम लागला होता. दवाखान्यात न्यावं लागलं. घरात कापूस होता, त्यानं."

पेन थांबलं. वहिनीनं मला कोपरानं ढोसलं.

"कापसानंच, हे कशावरून?" मॅडमनी विचारलं. "त्याच्या आधी काही घेतलं होतं?"

पुन्हा तोच प्रश्न, दारव्ह्याच्या दवाखान्यातला. ह्या वेळी दादा मध्ये नव्हता.

"माझी रोजची गोळी," मी म्हणालो. "तुम्ही दिलेली. एका दिवसात तीन. मी दिल्या होत्या. आणि लहानपणी त्यांची छाती वाजायची."

मॅडमनी टोपण परत लावलं.

"तुम्हाला हे कळलं कधी?"

"महिन्याभरानं. तुमच्याकडूनच. ह्याच खुर्चीवर."

"आणि त्याला किती झालं?"

"बारा वर्षं."

मॅडम मला जे बोलल्या ते मी निमूट ऐकलं. शाळेत मी पोरांना इतकं कधी बोललो नाही. वहिनी माझ्याकडे पाहतच नव्हती. मॅडमचं बोलून झाल्यावर तिनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे, ते कापसानं नोतं झालं?"

मॅडमनी तिला एका नळीत जोरानं फुंकायला लावलं, तीन वेळा. "चूल फुकल्यावानीच आहे हे," वहिनी म्हणाली आणि चुलीसारखीच फुंकली. मग औषधाचा एक पंप ओढायला दिला, आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला. दुसऱ्या वेळी नळीतला काटा चांगलाच वर गेला. मॅडम म्हणाल्या, हा दमा आहे, बहुतेक लहानपणापासूनचा, आणि तो औषधानं ताब्यात राहतो. धूळ कोणालाच चांगली नसते, कापसाचीही नाही. नाकाला फडकं बांधा, कापसावर झोपू नका, पंप जवळ ठेवा. पण शेतात जायला बंदी कशाला? डोक्यासाठी त्यांनी दुसरीच गोळी लिहिली. आणि एका जाड कागदावर लाल शाईनं लिहून दिलं की ह्या बाईंना अमुक प्रकारची गोळी द्यायची नाही. "कुठेही गेलात, रक्तदाबासाठी असो, धडधडीसाठी असो, आधी हा कागद दाखवायचा. आणि विचारलं त्याला खरं उत्तर द्यायचं."

"हाव जी," वहिनी म्हणाली. "आता साऱ्याले हो म्हणतो."

बसस्थानकावर मी दोन चहा आणि आलुबोंडे आणले. तिनं एक पूर्ण खाल्ला, दुसऱ्याला हात घातला, तरी बोलेना. ती गप्प बसली की घाबरावं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"भाऊजी," शेवटी म्हणाली, "तुमच्यापाशी दुसरी होती ना? खरी, डोक्याची?"

"होती."

"किती होत्या?"

"चार."

"चार. आन मले नाही देल्ली."

"नाही. मलाच लागतील म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि एकदम हसायला लागली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. बाकावरची माणसं पाहू लागली. हसता हसता खोकला आला, तेव्हा तिनं पिशवीतून नवाकोरा पंप काढला, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे ओढला, आणि परत हसली.

"कंजूस. एवढा कंजूस दीर, आन सारं गाव म्हणते असा दीर पायजे."

मी सांगितलं की ती चारांतली दिली असती तरी चूकच होती, मॅडम म्हणाल्या ते तुलाही ऐकू आलं. ती म्हणाली, ते राहू द्या. मग तिचा आवाज बदलला.

"दम अटकला त्याचं काही नाही. वाचली ना मी. पण बारा वर्षं मले धुऱ्यावर बसवलं तुमी. माह्ये हात रिकामे ठेवले. ते मले लागलं, भाऊजी."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तिनं उरलेला आलुबोंडा माझ्या हातात ठेवला. "खा. आन ऐका. तुमची शिक्षा ठरली. आता जो कोणी म्हणन का असा दीर पायजे, त्याले तुमी सोताच सारं सांगायचं. पहिल्यापासून. चार गोळ्यांचं पण."

शिक्षेची सुरुवात घरापासूनच झाली. दादा सगळं ऐकून उठला आणि माझ्या खोलीत गेला. मला वाटलं, रागानं गेला. दारातून पाहिलं तर तो कापसाच्या गंजीवर, बैलाच्या पाठीवर थापटावं तसं, हळूहळू थापटत होता. "याले लय शिव्या देल्ल्या म्या," एवढंच म्हणाला. रात्री जेवताना माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून जिलेबी घेऊन आला. बायकोनं मात्र लगेच हिशेब मांडला. "म्हणजे मी सात उन्हाळे खाजवत काढले, ते तुमच्या एका गोळीपायी?" मी म्हटलं, तीन गोळ्यांपायी. ते बोलायला नको होतं. त्या दिवसापासून कापूस ओसरीवर पत्र्याखाली गेला.

आठवडाभरानं वहिनी शेतात उतरली. नाकाला पांढरं फडकं, कंबरेला ओटी, आणि ओटीच्या गाठीत पंप. पहिल्या झाडाशी ती जरा थांबली. मग दोन्ही हात सुटले. ओळीच्या अर्ध्यात पोचेपर्यंत तिनं दोन तरण्या पोरींना मागं टाकलं आणि वळून म्हणाली, "काहून गं, सकाळी जेवल्या नाही काय?" माझी त्या दिवशी सुट्टी होती. मीही ओटी बांधून शेजारची ओळ धरली होती आणि तिच्या वीसएक झाडं मागं होतो.

दुपारी धुऱ्यावरून शेजारच्या शेतातली म्हातारी चालली होती. वहिनीला ओळीत पाहून ती थबकली, मला पाहून तर कौतुकानं उभीच राहिली. "बाप्पा," म्हणाली, "सर सोता वेचून राह्यले वहिनीसंगं. दीर असावा त असा."

वहिनीचे हात थांबले. तिनं फडकं नाकाखाली ओढलं, कमरेवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. शेजारच्या ओळीतल्या बायाही थांबल्या. त्यांना तोवर सगळं पाठ झालं होतं, तरी पुन्हा ऐकायचं होतं.

मी ओटी सोडून खाली ठेवली. "बसा आजी," म्हटलं, "मला अर्धशिशी आहे, तिथून सुरू करावं लागेल."